धूर मोजला तरच कागद खरा



आज आपण गाडीच्या कागदांबद्दल बोलणार आहोत. ऐकूनच काही जणी म्हणतील, "ते घरातले पुरुष बघतात की, आपल्याला कशाला?" म्हणूनच आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. पूर्वी आपल्या बचतगटातून शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दुकानात माल भरायला कर्ज जायचं. आता स्कूटीसाठी जातं, भाजीच्या टेम्पोसाठी जातं, शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीसाठीही जातं. गाडीचे हप्ते आपण फेडतो. मग तिच्या कागदांवर काय लिहिलंय, ते आपल्याला वाचता यायलाच पाहिजे.

आज मुख्य बोलायचं आहे ते पीयूसीबद्दल. गाडी प्रमाणाबाहेर धूर सोडत नाही, असं सांगणारं हे प्रमाणपत्र. त्याला जोडूनच गाडीच्या नोंदणीचे काही नियम सांगू, कारण एकात घोळ झाला की दुसऱ्यातही होतो.

आधी तपासणी कशी होते ते बघू. पेट्रोलची गाडी असेल तर इंजिन गरम असताना गाडी जागेवर चालू ठेवतात आणि यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालतात. यंत्र दोन गोष्टी मोजतं. एक कार्बन मोनॉक्साइड आणि दुसरं हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन. डिझेलची गाडी असेल तर ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबून धूर बाहेर काढतात आणि तो किती दाट आहे ते मोजतात. प्रमाणपत्रावर मर्यादेचा आकडा छापलेला असतो आणि आपल्या गाडीचा मोजलेला आकडाही. दुसरा पहिल्यापेक्षा कमी असला की गाडी पास. चौथी शिकलेल्या बाईलाही हे दोन आकडे ताडून बघता येतात.

यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. चुलीचा धूर निदान डोळ्यांना झोंबतो. डोळ्यांत पाणी आलं की आपण दार उघडतो. हा वायू तसं काही कळू देत नाही. तो रक्तात मिसळतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतो. डिझेलच्या काळ्या धुरात काजळीचे इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसात खोल जाऊन बसतात. ज्या घरात दम्याचा माणूस आहे किंवा तान्हं मूल आहे, त्या घराला हा धूर किती त्रास देतो ते वेगळं सांगायला नको. आणि गाडीतून जाणाऱ्यापेक्षा रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली बाई तो जास्त वेळ श्वासात घेत असते.

आता कायदा काय सांगतो ते बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांच्याप्रमाणे नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर ती कायम लागते. जुन्या गाडीची पीयूसी सहा महिने चालते. बीएस-४ आणि बीएस-६ प्रकारच्या गाड्यांची एक वर्ष चालते. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराची सरकारने ठरवलेली पायरी. बीएस-४ ही पायरी १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. मधली पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आली. आपली गाडी कोणत्या पायरीची आहे ते पीयूसीच्या कागदावरच छापलेलं असतं. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला पीयूसी लागत नाही. सीएनजीच्या गाडीला मात्र लागते. "गॅसची गाडी आहे, तिला कशाला" असा समज पुष्कळ ठिकाणी आहे, तो चुकीचा आहे.

२०१९ साली मोटार वाहन कायदा कडक झाला. प्रदूषणाचा नियम मोडला तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, एवढी शिक्षा कायद्यात आहे. रस्त्यावर तडजोडीचा दंड किती घ्यायचा ते प्रत्येक राज्य ठरवतं आणि तो यापेक्षा कमी असतो. पण कायद्यातला आकडा दहा हजारांचा आहे. बचतगटातून दरमहा शंभर-दोनशे रुपये साठवणाऱ्या बाईसाठी दहा हजार म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

एवढा कडक कायदा असूनही रस्त्यावर काळा धूर सोडणाऱ्या गाड्या दिसतातच, आणि त्यातल्या कित्येकांच्या खिशात पीयूसीचा ताजा कागद असतो. हे कसं होतं ते आमच्या गटातल्या एका ताईंच्या अनुभवावरून सांगतो.

या ताई आणि त्यांचे मालक मिळून शाळेच्या मुलांसाठी डिझेलची गाडी चालवतात. गाडी जुनी घेतलेली, गटाच्या कर्जावर. चढाला लागली की मागून काळा लोट निघायचा. पीयूसीची मुदत संपत आली म्हणून दोघं तालुक्याच्या ठिकाणी एका पीयूसी केंद्रावर गेली. तिथल्या मुलाने गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि कागद हातात दिला. नळी भिंतीला टांगलेली होती तशीच राहिली. ताईंनी विचारलं, "दादा, मशीन लावलं नाही?" तो म्हणाला, "मावशी, पास झालीय ना गाडी, मग कशाला चौकशी करता?"

ताईंचे मालक निघायच्या तयारीत होते. पण ताई तिथेच थांबल्या. त्या म्हणाल्या, "रोज मुलं बसतात या गाडीत, आमचा नातूही बसतो. मशीन लावा, काय निघायचं ते निघू दे." मागे उभे असलेले गाडीवाले हसले. एक जण म्हणाला, "फुकट मिळालेला पास कुणी परत करतं का?" त्या मुलाने काही मशीन लावलं नाही. मग ताईंनी गाडी थेट गॅरेजला नेली. मिस्त्रीने बघितलं तर एअर फिल्टर मातीने पूर्ण चोंदलेला होता आणि नोझल खराब झाले होते. दुरुस्तीला पैसे गेले, दोन दिवस फेऱ्या बुडाल्या, पालकांचे फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या केंद्रावर मशीन लावून तपासणी करून घेतली आणि गाडी खरीखुरी पास झाली. आता लोट निघत नाही आणि गाडीचं ॲव्हरेजही सुधारलं आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आपलेच पैसे हवेत सोडल्यासारखं.

मैत्रिणींनो, ताईंचं आम्हाला कौतुक आहे. पण नियम असा हवा की खरी तपासणी करून घ्यायला कुणाला एवढी हिंमत लागू नये. आज खोटा कागद मिळायला पाच मिनिटं लागतात आणि खऱ्या कागदासाठी तीन दिवस बुडतात. असं असेल तर शंभरातली एखादीच बाई ताईंसारखी वागेल. उरलेल्यांना दोष देऊन भागणार नाही.

असं का होतं त्याचा विचार आम्ही मासिक बैठकीत केला. पहिली गोष्ट, केंद्र चालवणाऱ्याला मिळणारे पैसे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दर वाढले तेव्हा दुचाकीची तपासणी ३५ रुपयांवरून ५० रुपये झाली आणि डिझेलच्या चारचाकीची ११० वरून १५० रुपये. त्यात यंत्र, त्याची देखभाल, जागेचं भाडं, माणसाचा पगार. जास्त गाड्या झटपट उरकल्या तरच त्याचं गणित जमतं. दुसरी गोष्ट, गाडी नापास झालेली कुणालाच नको असते. मालकाला दुरुस्तीचा खर्च नको आणि केंद्रवाल्याला गिऱ्हाईक गमवायचं नाही. तिसरी गोष्ट, अंतर. केंद्र तालुक्याला, गाव पंचवीस-तीस किलोमीटरवर. पन्नास रुपयांच्या तपासणीसाठी शंभर रुपयांचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. मग कुणीतरी म्हणतं, "फोटो पाठव मोबाइलवर, मी काढून देतो." इथेच तपासणी संपते.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभरासाठी पीयूसीचा एकच नमुना ठरवला. त्यावर क्यूआर कोड आला. मालकाचा मोबाइल नंबर देणं सक्तीचं झालं, म्हणजे संदेश थेट त्याला जाईल. सगळी माहिती राष्ट्रीय नोंदवहीला जोडली गेली. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गाडी नापास झाली तर तशी चिठ्ठी द्यायची पद्धत आली. ती चिठ्ठी घेऊन गॅरेजला जायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा तपासून घ्यायचं. ही चिठ्ठी म्हणजे मुलाच्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा. मुलगा कुठे कच्चा आहे ते त्यातून कळतं. पण गाडीला नळीच लावली नाही तर ती नापास कशी होणार, आणि चिठ्ठी तरी कशी मिळणार?

विम्याची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पीयूसी नसेल तर विमा कंपनीने गाडीचा विमा नवा करू नये. हेतू चांगला होता. पण झालं असं की पीयूसी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघातात सापडलेल्या माणसाच्या भरपाईची पंचाईत. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. यातून शिकण्यासारखं आहे. एका कागदाला दुसऱ्या कागदात अडकवलं म्हणून हवा स्वच्छ होत नाही, आणि त्याचा फटका भलत्याच माणसाला बसू शकतो. पीयूसी नसेल तर पंपावर पेट्रोल द्यायचं नाही, अशी चर्चा आता महाराष्ट्रातही सुरू झाली आहे. तसं करायचं असेल तर आधी तपासणी गावापर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर शेतातून दवाखान्यात निघालेली बाई पंपावरच अडकायची.

आता नोंदणीकडे येऊ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात द्यावीच लागणार" असं गावोगावी सांगतात आणि त्या भीतीपोटी चांगल्या गाड्या मातीमोल भावात जातात. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हे आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी निघाले होते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी वाढवून घेता येते. मात्र खर्च वाढला आहे. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीची नोंदणी वाढवण्याची फी ३०० रुपयांवरून १,००० झाली आणि मोटारीची ६०० वरून ५,०००. वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर पर्यावरण कर वेगळा.

याबद्दल आमचं एक म्हणणं आहे. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं हे खरं, त्याची बनावटच तशी असते. पण वेळेवर सर्व्हिसिंग करून नीट ठेवलेली सोळा वर्षांची गाडी आणि रस्ता काळा करणारी सोळा वर्षांची गाडी, दोघींना सारखीच फी आहे. नुसतं वय बघून पैसे घेतले तर गाडी नीट ठेवायची ओढ कुणाला राहील? खरी तपासणी होऊन कमी धूर सोडणाऱ्या गाडीला सवलत मिळाली, तर गरीब माणूससुद्धा गाडीची काळजी घेईल.

गाडी खरंच मोडीत काढायची असेल तर भंगारवाल्याच्या हातात देऊ नका. सरकारमान्य मोडतोड केंद्रावर द्या. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नवी गाडी घेताना सवलत मिळते. आरटीओत जुनी नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्या. तसंच, गाडी विकली तर टीटी फॉर्मवर सही करून सोडून देऊ नका, नाव बदललं का ते पाठपुरावा करून बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. विकलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी आपल्या दारात येऊ शकते.

नोंदणी आणि पीयूसी यांचा सांधा इथेच आहे. नाव जुन्या मालकाचं, मोबाइल नंबर एजंटचा, गाडी मात्र तिसऱ्याच्या दारात. मग पीयूसीची मुदत संपल्याचा संदेश कुणाला जाणार? दंडाची पावती कुणाला जाणार? कित्येक स्कूटी बाईच्या नावावर असतात, पण नंबर शोरूममधल्या माणसाचा किंवा भावाचा दिलेला असतो. नोंदवही खरी असेल तरच पुढची तपासणी खरी होईल.

म्हणून आमच्या ग्रामसंघाने चार मागण्यांचा अर्ज तयार केला आहे. तुम्हीही आपल्या भाषेत तो करू शकता.

पहिली मागणी, तपासणीचा पुरावा ठेवा. नुसता गाडीचा फोटो पुरेसा धरू नका, सायलेन्सरमध्ये नळी घातल्याचं छोटं चित्रीकरण नोंदीला जोडा. यंत्राचा आकडा माणसाचा हात न लागता थेट नोंदवहीत जाऊ द्या.

दुसरी मागणी, तपासणी जवळ आणा. बाजाराच्या दिवशी पीयूसीची फिरती गाडी येऊ द्या. त्या दिवशी गावातले सगळे टेम्पो, जीप आणि दुचाक्या तिथे असतातच.

तिसरी मागणी, नापास गाडीला दंडाआधी दुरुस्तीची मुदत द्या. नापास चिठ्ठी जवळ असेल तर ठरावीक दिवस तिला दंडापासून सूट असावी. मग खरी तपासणी करून घ्यायला माणूस घाबरणार नाही.

चौथी मागणी, मोजमाप वाढवा. आजच्या पीयूसीत फुप्फुसात जाणारे बारीक कण आणि नायट्रोजनचे वायू मोजले जात नाहीत, आणि नव्या गाड्यांच्या बाबतीत काळजी त्यांचीच जास्त आहे. ट्रक-बससारख्या व्यावसायिक गाड्यांची फिटनेस तपासणी यंत्रांवर नेण्याचे नियम केंद्राने २०२१ मध्ये केले आहेत. यंत्रांचा हा विचार धुराच्या तपासणीपर्यंतही यावा.

हा अर्ज आम्ही ग्रामसभेत ठरावासाठी मांडणार आहोत आणि ठरावाची प्रत आरटीओला देणार आहोत, कारण पीयूसी केंद्रांना परवानगी देण्याचं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचं काम आरटीओचं आहे. एकट्या बाईने विचारलं तर "मावशी, चौकशी कशाला" असं उत्तर मिळतं. गावाच्या ठरावाला तसं उत्तर देता येत नाही.

तोपर्यंत आपल्या हातातलं काम आपण करूया. पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या गाडीचे कागद आणा. गटाच्या वहीत एक पान आखा. गाडीचा नंबर, कुणाच्या नावावर, मोबाइल कुणाचा, विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते, नोंदणी कधी संपते. एवढे रकाने पुरेत. बँकेच्या हप्त्याची तारीख वाचून दाखवतो तशी ही तारीखही वाचून दाखवायची. ज्यांच्या घरात शिकलेली मुलगी आहे, तिला एम-परिवहन आणि डिजिलॉकर ही दोन ॲप मोबाइलवर घ्यायला सांगा. त्यातले कागद पोलिसांनी आणि आरटीओने मान्य करायचे असतात, कागदाची सुरळी पिशवीत घेऊन फिरावं लागत नाही.

पीयूसीला गेलात की गाडीजवळ उभ्या राहा. नळी आत गेली का ते बघा. दोन्ही आकडे मोठ्याने वाचा. गाडी नापास झाली तर चिठ्ठी मागून घ्या. गटातल्या कुणाला दुरुस्तीसाठी पैसे कमी पडत असतील तर अंतर्गत कर्जातून द्या. आमच्या गटाने हे कारण कर्जाच्या यादीत घातलं आहे, दवाखाना आणि शाळेच्या फीच्या खालोखाल.

आणि ज्यांची मुलं शाळेच्या गाडीने जातात त्या सगळ्या आयांना एक विनंती. उद्या सकाळी गाडी आली की तिच्या मागे जाऊन क्षणभर उभ्या राहा. काळा धूर दिसला तर चालवणाऱ्याशी भांडू नका. त्याला विचारा, "दादा, पीयूसीला मशीन लावलं होतं का?" आणि दुरुस्तीमुळे त्याच्या फेऱ्या दोन दिवस बुडणार असतील तर ते दोन दिवस सगळ्या पालकांनी मिळून सांभाळून घ्या. आमच्या ताईंना ते दोन दिवस फार जड गेले. पुढच्या ताईला जाऊ नयेत.

तुमच्या गावात काय अनुभव आहे ते आम्हाला कळवा. ज्या गटांनी असा ठराव केला असेल, त्यांनी त्याची प्रत केंद्रावर पाठवावी, पुढच्या कार्यक्रमात आम्ही ती वाचून दाखवू.

नमस्कार.